रिकामी जमीन घर बांधण्याजोगी आहे का? महाभूमीच्या ऑनलाइन सेवांचं परीक्षण

शहराबाहेर दहा-वीस गुंठे घेऊन घर बांधायचं असो किंवा एकरभर घेऊन प्लॉट पाडायचे असोत, जमीन बघायला जाण्याआधी आज महाराष्ट्रात बरंच काही घरबसल्या तपासता येतं. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्कबदलाची नोंद), गावनकाशा, नोंदणीचे जुने दस्त, रेडी रेकनरचे (जमिनीचे सरकारी) दर, मोजणीचा अर्ज, सगळं ऑनलाइन आहे. शासनाच्या या जमीनविषयक सेवांना इथे ‘महाभूमी’ म्हटलं आहे. या सगळ्या सेवांकडे एकत्र बघून एकच प्रश्न विचारला: त्यांच्या भरवशावर निवासी वापराची जमीन निवडता येईल का?

नको ती जमीन नाकारायला या सेवा फार चांगल्या आहेत. एका संध्याकाळी आणि शंभर रुपयांच्या आत कितीतरी प्रकरणं बाद करता येतात. मात्र ‘घ्या’ असं त्या कधीच सांगू शकत नाहीत. त्यासाठी मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा), नगररचना कार्यालयाची सही आणि जेसीबीने खणलेला खड्डा लागतो. नाकारणं आणि घेणं या दोन गोष्टींची गल्लत झाली की एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या सातबाऱ्यावर विसार दिला जातो.

सुरुवात महाभूलेखपासून, म्हणजे सातबारा दाखवणाऱ्या संकेतस्थळापासून. विभाग, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर भरला की बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. बघण्यापुरता फुकटचा पुरतो. बँकेत किंवा कार्यालयात द्यायला सहीचा लागतो. समोरच्याने दिलेला कागद कधीच वापरू नका, गट नंबर विचारून स्वतः उतारा काढा. नवीन नमुन्यात तळाशी प्रलंबित फेरफार आहे की नाही ते लिहिलेलं असतं आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक-दिनांकही असतो. ही एवढीच सुधारणा धरली तरी या सेवेला चांगले गुण द्यावे लागतील. पूर्वी वारसनोंद किंवा खरेदीची नोंद मधेच लटकलेली असायची आणि ती तलाठ्याला विचारल्याशिवाय कळायची नाही.

सातबारा वाचताना बहुतेकांची नजर नावावर जाते. ती आधी जायला हवी भूधारणा पद्धतीवर, म्हणजे जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे त्यावर. ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर पुढे वाचा. ‘वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही: वतन-इनामाची, शासनाने वाटलेली, पुनर्वसनात मिळालेली, कुळाला मिळालेली अशा जमिनी इथे येतात. ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ हा शेरा इतर हक्कात दिसला तर थांबा, घाबरू नका. कलम ३२-म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून मार्ग निघतो, आणि ती रक्कम बहुधा किरकोळ असते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ लागतं. तिथे बिगर-आदिवासी खरेदीदाराने वेळ घालवू नये. ‘खाजगी वन’ किंवा ‘राखीव वन’ असा शेरा असेल तर तर्क लढवण्यात अर्थ नाही, दुसरी जमीन बघा.

मग क्षेत्र. सातबाऱ्यावर ०.४०.५० लिहिलं असेल तर ते शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर, म्हणजे ४,०५० चौरस मीटर. गावात आर आणि गुंठा एकच समजतात, पण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांमागे हा फरक सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या आसपास जातो. गुंठ्याचा भाव लाखांत असेल तिथे साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) चौरस मीटरच लिहून घ्यावेत.

क्षेत्राच्या खाली पोटखराबा असतो. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. घराला चालतो, उलट पाया स्वस्तात होतो. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापराखालची जागा. वीस गुंठ्यांत तीन गुंठे पोटखराबा ‘ब’ असेल तर पैसे सतरा गुंठ्यांचेच द्यायचे, विकणारा कितीही म्हणाला तरी.

इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाटाचं पाणी, संपादनाची नोंद असं सगळं येतं. कब्जेदाराच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे; बहिणी, पुतणे, सगळ्यांच्या सह्या लागतील. ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञानाची, म्हणजे अल्पवयीन मुलाची जमीन आहे, कोर्टाच्या परवानगीचा विषय आला. दोन-चार अक्षरांच्या या खुणांवर वर्षानुवर्षं दावे चालतात आणि संकेतस्थळावर त्यांचा अर्थ कुठे दिलेला नाही. नवख्या माणसाला हा उतारा वाचता येईल अशी काहीही सोय नाही, हा महाभूलेखचा सगळ्यात मोठा दोष.

सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि मागे मागे जा. अलीकडचे फेरफार ऑनलाइन मिळतात, अजून मंजूर न झालेल्या नोंदींच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतात. नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते, त्यामुळे विसार दिल्यापासून खरेदीखतापर्यंत दर आठवड्याला चावडी उघडून बघायची सवय ठेवावी. जुने कागद काही तालुक्यांत स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत. नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. एकत्रीकरण झालेल्या (तुकडे जोडून गट केलेल्या) गावात जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर जुळवायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो, ज्याला कार्यालयात नऊ-तीन नऊ-चार म्हणतात. तो न बघता केलेला शोध अर्धवटच राहतो, कारण जुने दस्त सर्व्हे नंबरावर आहेत.

नोंदणी विभागाची ई-सर्च सेवा फुकट आहे आणि या यादीतली सर्वांत कमी वापरली जाणारी आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक दिला की त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन दिसते: कोणी कोणाला किती क्षेत्र किती किमतीला दिलं. मुंबईचे दस्त १९८५ पासून, बाकी महाराष्ट्राचे २००२ पासून. एकेक वर्ष वेगळं टाकावं लागतं, कॅप्चा पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि दस्तात गट नंबर ‘१२५/२अ’ असा लिहिला असेल तर नुसता ‘१२५’ टाकूनही बघावं. कंटाळवाणं काम आहे, पण तेच क्षेत्र दोघांना विकल्याचं इथेच सापडतं. २००२ च्या आधीचं वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयात बघून घ्यायचं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागायची पद्धत आहे. नोटरी केलेली विसार पावती, घरगुती वाटणीपत्र आणि तोंडी व्यवहार मात्र यात येत नाहीत. वृत्तपत्रातली जाहीर नोटीस त्यासाठीच द्यायची.

आता महाभूनकाशा. गट नंबर टाकला की गटाचा आकार, शेजारचे गट आणि प्लॉट रिपोर्ट मिळतो. आकार कळायला, शेजारी कोण हे कळायला, नाला कुठून जातो हे बघायला उत्तम. हद्द ठरवायला अजिबात उपयोगाचा नाही. पोटहिस्से पडलेत पण नकाशावर गट अखंडच दिसतोय, असं सर्रास असतं. ‘१२५/२अ’ नक्की कोणत्या कोपऱ्यात हे त्यावरून कळत नाही, आणि विकणाऱ्याने रस्त्याकडेचा कोपरा दाखवून मागचा विकला तरी सातबारा तोच राहतो. उपग्रहचित्रावर नकाशा चढवून मोबाइलवर हद्द दाखवणारी अॅप फिरतात. त्यांच्या रेघा कित्येक मीटर सरकलेल्या असू शकतात. अंदाजासाठी ठीक, कुंपणासाठी नाही.

हद्दीसाठी ई-मोजणी. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे प्रकार नियमित आणि द्रुतगती असे दोनच ठेवले आहेत. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. पालिका क्षेत्रात एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,०००. रोव्हरने (उपग्रहाच्या मदतीने स्थान टिपणाऱ्या यंत्राने) मोजणी होत असल्याने कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेव्हा ‘क’ प्रत घेताना ते मागून घ्या. अर्ज खातेदाराच्या नावानेच करावा लागतो, म्हणून विकणाऱ्याला मोजणीची अट घालायची आणि फी आपण भरायची. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्यातला एकजण जरी त्या दिवशी हरकत घेऊन उभा राहिला तर वाद कागदावर येतो, आणि खरेदीआधी तो कागदावर येणं तुमच्या फायद्याचं आहे. पैशाला मोल या निकषावर सगळ्या सेवांत मोजणी पहिली.

इथवरचं सगळं मालकी आणि हद्दीचं झालं. घर बांधता येईल का, हे मात्र झोन, म्हणजे विकास आराखड्यात त्या जमिनीला ठरवून दिलेला वापर, ठरवतो, आणि नेमकं इथेच ऑनलाइन सेवा लंगडी पडते. काही महापालिका आणि प्राधिकरणांचे विकास आराखडे संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत, पण मोठ्या भागाचा नकाशा ढोबळ प्रमाणात बघून आपला दहा गुंठ्यांचा तुकडा पिवळ्या (रहिवास) रंगात की हिरव्या (शेती), हे ठरवणं धोक्याचं आहे. नगररचना कार्यालयाकडे झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा उतारा) दोन्ही एकत्र मागा. नुसत्या दाखल्यावर ‘गट क्र. अमुक: अंशतः रहिवास, अंशतः शेती’ असं येतं आणि तुमचा हिस्सा कोणत्या अंशात ते कळत नाही. भाग नकाशावर मोजणीची ‘क’ प्रत बसवून घेतली की कळतं, शिवाय आराखड्यातला १८ किंवा २४ मीटरचा नियोजित रस्ता प्लॉटच्या पोटातून जातोय का तेही दिसतं. बाग, शाळा, दवाखाना असं आरक्षण असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ आणि १२७ ची, आरक्षणातून सुटण्याची वाट आहे. ती वर्षांची वाट आहे, घर बांधणाऱ्याची नव्हे.

एन.ए. (अकृषिक, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी) या शब्दाला बाजारात भलतीच किंमत आहे. महसूल संहितेत २०१४ आणि २०१७ मध्ये ४२-अ ते ४२-ड ही कलमं आल्यापासून, आराखड्यात रहिवास झोन असेल तर वेगळ्या अकृषिक परवानगीचं महत्त्व बरंच कमी झालं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही ठरलेली रक्कम भरून निवासी वापर मिळतो. त्यामुळे ‘एन.ए. प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य ऐकलं की एकच विचारा: मंजूर लेआउट (प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा) दाखवा, तात्पुरता की अंतिम? तात्पुरत्या मंजुरीनंतर रस्ते, गटार, पाणी, वीज ही कामं पुरी करावी लागतात, मग अंतिम. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा (बांधकाम व प्लॉटिंग प्रकल्पांच्या राज्य नियामकाचा) क्रमांक हवा. महारेराच्या संकेतस्थळावर लेआउटची प्रत मिळते. ब्रोशरमधल्या रंगीत नकाशाशी ती ताडून बघा.

याउलट ‘अकरा गुंठे, अकरा नावं’ हा प्रकार. तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचा दस्त होत नाही म्हणून दहा-अकरा अनोळखी माणसांच्या नावे एकत्र खरेदी करतात, कारण २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकड्याचा दस्त होत नाही) १० गुंठे आणि जिरायतीचं २० आहे. सातबारावर नाव लागतं, पण कब्जा सामाईक. कोणाचा कोपरा कुठला हे कोणत्याच शासकीय नकाशात नसतं, गृहकर्ज मिळत नाही, आणि बांधकाम परवानगीला बाकी दहा जणांची संमती लागते. २०२५ मध्ये शासनाने नागरी भागातल्या आधीच पडलेल्या तुकड्यांना सवलत जाहीर केली, ती आधी अडकलेल्यांसाठी आहे. नव्याने असं घेऊ नये.

रस्ता हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग. गावनकाशावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. जागेवर मुरुमाचा वीस फुटी रस्ता असेल आणि नकाशावर काहीच नसेल तर तो शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे. ‘तहसीलदारांकडून महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्ता मिळेल’ असं सांगतात. मिळतो, पण तो बांधावरून शेतीच्या वहिवाटीपुरता. त्यावर निवासी लेआउट मंजूर होईल असं समजू नये. शेजाऱ्याच्या गटातून रस्ता घ्यायचा असेल तर नोंदणीकृत दस्त करून, रुंदी मीटरमध्ये लिहून, दोन्ही सातबाऱ्यांच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. राष्ट्रीय महामार्गालगत असाल तर शहरी हद्दीबाहेर इमारत रेषा मध्यापासून ४० मीटर आणि नियंत्रण रेषा ७५ मीटर धरावी. महामार्गाला लागून असलेला अरुंद प्लॉट यात अख्खा जातो.

प्लॉट पाडणाऱ्यांनी एक हिशेब कागदावर करावा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जी डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर आहे, ती ०.४ हेक्टर किंवा जास्त क्षेत्राला १० टक्के मोकळी जागा मागते. एकर त्या मर्यादेच्या जेमतेम वर आहे! ४०५ चौरस मीटर तिथे गेले. शंभर मीटर लांब आणि चाळीस रुंद जमिनीत मधून ९ मीटरचा रस्ता टाकला तर आणखी ९०० गेले. उरले सुमारे २,७४०, म्हणजे सत्तावीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा भाव देऊन सत्तावीस विकायचे आहेत, हे धरूनच बोलणी करायची. लांबट आणि निमुळत्या जमिनीत हा आकडा आणखी खाली येतो. स्वतःच्या एकट्या घरासाठी हा प्रश्न नाही. मंजूर १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नियमावलीत परवानगीची पद्धतही सोपी केली आहे.

पूररेषा कोणत्याही महाभूमी सेवेत दिसत नाहीत. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतली. नदी आणि निळ्या रेषेमध्ये घर नाही. निळ्या आणि लालच्या मध्ये अटींवर मिळतं, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. पंचगंगा-कृष्णेकाठी २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्यांना हे पटवायला नको. पूररेषेचा दाखला जलसंपदा विभागाकडून घ्या. लहान ओढ्यांना पूररेषा आखलेलीच नसते, म्हणून तिथे गूगल अर्थ कामाचं: संगणकावरच्या आवृत्तीत जुनी चित्रं मागे सरकवत पावसाळ्यानंतरची काढा आणि गावनकाशावरच्या नाल्याशी जुळवा. नाला नकाशात आहे, २०१० च्या चित्रात आहे आणि आज सपाट मुरूम आहे, तर तो भरावाखाली आहे. पाणी आपली वाट विसरत नाही आणि भराव वर्षभरात बसायला लागतो. उताराचंही तिथेच बघा. १:५ पेक्षा जास्त उतार, म्हणजे पन्नास मीटरात दहा मीटर चढ, असेल तर नियमावली विकासाला मनाई करते. माळीण आणि इर्शाळवाडीनंतर तरी डोंगरउतारावरच्या ‘व्हॅली व्ह्यू’ला भुलू नये. कोकण किनाऱ्यावर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा वेगळा काढावा.

वरून तारा जात असतील तर ११ केव्हीपासून इमारत आडवी १.२ मीटर, ३३ केव्हीपासून २ मीटर दूर हवी. १३२ केव्हीचा पट्टा २७ मीटर आणि २२० केव्हीचा ३५ मीटर रुंद असतो. सातबाऱ्यावर याची नोंद बहुधा नसते, मान वर करून बघायची.

माती शेवटी, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. देशावर आणि विदर्भात काळी माती किती खोल आहे त्यावर पायाचा खर्च ठरतो. दोन टोकांना जेसीबीने दोन-तीन मीटरचे खड्डे घ्या. मीटरभर काळी, खाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या (कच्चा खडक), असं असेल तर नशीबवान. तीन मीटरवरही काळीच निघाली तर फुगवट्याची चाचणी करून घ्या, भारतीय मानक २७२० भाग ४० प्रमाणे. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली दहा ग्रॅम कोरडी माती पाण्याच्या १०० मिलिलिटर नळीत, तेवढीच केरोसिनच्या नळीत. चोवीस तासांनी पाण्यातलं घनफळ वजा केरोसिनमधलं, भागिले केरोसिनमधलं, गुणिले शंभर. पन्नास टक्क्यांच्या वर आलं तर साधा दगडी पाया टिकणार नाही, अंडररीम्ड पाइल (तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) किंवा खोल पाया आणि मुरमाचा भराव लागेल. हा खर्च जमिनीच्या भावातून वळता करून मागायचा. गटार नसेल तर शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर-बोअर यांत १८ मीटर अंतर लागतं, शेजाऱ्याची विहीर धरून. पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर ही एक अट सगळा नकाशा बदलते.

गुण द्यायचेच तर महाभूलेख आणि चावडीला पाचात चार, ई-सर्चला साडेतीन, महाभूनकाशाला अडीच, मोजणीला साडेचार, आणि झोनच्या माहितीला दीड, तेही नगररचना कार्यालयातला मनुष्य भला निघाला तर. विसार पावतीत चार अटी लिहून घ्या: खातेदाराने मोजणी करून ‘क’ प्रत द्यावी, झोन दाखला व भाग नकाशा रहिवासाचा यावा, नोंदणीकृत किंवा नकाशावरचा रस्ता असावा, जाहीर नोटिशीला हरकत येऊ नये, यातली एक जरी अट पुरी झाली नाही तर विसार पूर्ण परत, किती दिवसांत तेही तारखेनिशी. हे लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या जमिनीसाठी खड्डा खणायचा खर्चही करू नका.